त्रेसष्ट खुणा

तांबळडेग,
९ ऑगस्ट २०२२

चि. किशोरी,

तुझं पाकीट परवा पोचलं. आत चार रंगीत चित्रं होती आणि तुझी चिठ्ठी. फोनवर पाठवलं असतं तरी चाललं असतं, असं तू लिहितेस. चाललं नसतं. फोनवर आलेलं मी वाचतो आणि विसरतो, कागदावर आलेलं मी तपासतो. तुझी आई विमला माझी मामेबहीण, तिला माझी खोड माहीत आहे.

मे महिन्यात तू इथे चार दिवस राहिलीस, आमच्या शेवंतीला बंदरावर हातांनी मासळीचा भाव करताना पाहिलंस, आणि आता तुमच्या स्टुडिओत कोकणातल्या एका बहिऱ्या मुलीवर अ‍ॅनिमेशनचा पिक्चर होतो आहे. बरं वाटलं. आता चुका सांगतो.

तुमची बिंबा दहा वर्षांची आणि गोरी. दहा वर्षं वाळूत वाढलेली पोर गोरी कशी राहील? रंग शेवंतीच्या मनगटाचा घ्या, चेहऱ्याचा नको, चेहऱ्याला ती पावडर लावते. बिंबाच्या खांद्यावर पाग दिली आहे, म्हणजे आमचं फेकायचं जाळं, पण त्याला दोरीच नाही. फेकलेलं जाळं परत कसं येणार? तिसऱ्या चित्रात ती कानामागे हात धरून उभी आहे. हे कोणी काढलं? जिला जन्मापासून ऐकू येत नाही ती कान कशाला पुढे करील? शेवंतीला आपल्याला कान आहेत हे केस विंचरतानाच आठवत असेल. ती बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडेल अशी जागा धरते. मागून कोणी आलं तर तिला तळव्याला कळतं, लाकडी माळ्यावर लवकर, शेणाच्या जमिनीवर उशिरा. आणि हात चालवताना ती हातांकडे पाहत नाही. तुमची बिंबा चारही चित्रांत स्वतःच्या हातांकडे बघते आहे, जसे काही ते नुकतेच कोणी जोडून दिलेत.

मी नववी नापास. होड्यांची मशीनं दुरुस्त करायला मला कोणी शिकवलं नाही, इंग्रजी पुस्तकांतल्या आकृत्या बघून शिकलो. ही हातांची बोलीही आम्ही भावंडांनीच बनवली, मी चार वर्षांचा आणि शेवंती सहा वर्षांची होती तेव्हापासून. तिला कुठल्या शाळेत घातलं नाही. जगात ही बोली दोघांनाच येते. हवी असेल तर पूर्ण लिहून देतो. अर्धवट काम मी करत नाही.

चित्रं शेवंतीला दाखवली. तिने बिंबाच्या नाकावर बोट ठेवलं, मग स्वतःच्या, आणि हसली. नाक पसंत आहे असं समजावं.

परशुराममामा


गोरेगाव, मुंबई
२८ ऑगस्ट २०२२

ती. परशुमामा,

तुमचं पत्र मी मीटिंगमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. हात जोडून दिल्याचं वाक्य आलं तेव्हा आमचे दिग्दर्शक देवेशसर खुर्चीतून उठले. त्यांनी कानामागे हात धरलेलं चित्र भिंतीवरून काढून टाकलं. ते कोणी काढलं होतं हे सांगत नाही, तो बिचारा माझ्या शेजारी बसतो.

सर म्हणतात, मुलांच्या धाडसी प्रवासाच्या पिक्चरमध्ये आपल्याकडची माणसं असलीच तर विदूषक म्हणून असतात, नाहीतर नायकाला पलीकडे सोडून परत जाणारा नावाडी म्हणून. आणि बहिरी मुलगी असली तर शेवटी काहीतरी चमत्कार होऊन तिला ऐकू यायला लागतं. आपल्या पिक्चरमध्ये बिंबाला शेवटपर्यंत ऐकू येणार नाही, आणि तरी बुडालेलं जहाज तीच शोधून काढेल.

खुणांवरून मात्र इथे वाद आहे. सारिकामॅडम म्हणून एक आहेत, मूकबधिर मुलांना शिकवतात, स्टुडिओला सल्ला देतात. त्यांचं म्हणणं, देशभर ठरलेली संकेतभाषा आहे, आमची मुलं ती कष्टाने शिकतात, मग दोन माणसांची घरगुती बोली पडद्यावर कशाला? सरांनी मधला मार्ग काढला. बिंबा बाहेर संकेतभाषा बोलेल, घरात भावाशी तुमच्या खुणांनी बोलेल. मुलांना कळावं म्हणून खाली अक्षरं येतील.

तेव्हा यादी हवीच आहे मामा, चित्रांसकट. मी तिचं इंग्रजी करून चित्रकारांना देणार. माझी नोकरी अजून कच्ची आहे, सहा-सहा महिन्यांची. हे काम नीट पार पडलं तर सर पक्की करतील असं वाटतं.

शेवंतीमावशीची हरकत नाही ना? एकदा विचाराल का?

तुमची,
किशोरी


तांबळडेग,
२० ऑक्टोबर २०२२

चि. किशोरी,

सोबत यादी. एकूण त्रेसष्ट खुणा. प्रत्येकीला नंबर, दोन चौकटींत चित्र, खाली मराठीत अर्थ आणि कधी वापरायची ते. पाऊस दोन आहेत: एक मासेमारी थांबवणारा, एक न थांबवणारा. 'नको' तीन आहेत, तिन्ही वेगळी, मिसळू नयेत. माणसांची नावंही दिली आहेत, कारण शेवंती माणसाचं नाव त्याच्या एखाद्या लकबीवरून ठेवते. शेजारच्या भिकाजीचं नाव म्हणजे पोटावरून फिरवलेला हात. त्याला ते माहीत आहे आणि तो ते पोट कमी करत नाही.

एक्केचाळीस नंबरबद्दल लिहितो. ती खूण वापरायची नाही.

डाव्या मुठीत उजव्या हाताचं बोट धरायचं, ते निसटून वर यायचं आणि गालाला टेकायचं. हे शेवंतीच्या मुलाचं नाव आहे. तान्हा असताना आंघोळीला धरला की तो हातातून सुटायचा, आणि गालाला खळी होती. तुला तो आठवणार नाही. २०११ च्या जुलैत तो खाडीत गेला, नऊ वर्षांचा होता, तिसऱ्या दिवशी मिळाला. ते तीन दिवस शेवंती खाडीच्या काठावर उभी राहून पाण्याकडे तोंड करून ही एकच खूण करत होती. त्यानंतर तिचा नवरा मुंबईहून आला नाही. ती माझ्याकडेच राहिली, मीही लग्न केलेलं नाही, तेव्हा घरात आम्ही दोघंच. शाळेच्या दाखल्यावर मुलाचं नाव अनिश होतं. पण तिने त्याला आयुष्यभर ज्या नावाने हाक मारली ते हे. अजून रोज तिन्हीसांजेला एकदा मारते.

मग यादीत दिलीच कशाला, असं तू विचारशील. एक्केचाळीस नंबर कोरा ठेवून बेचाळीसवर जाणं मला जमलं नाही. ज्या यादीत एक जागा रिकामी ती यादी नव्हे. तू शहाणी आहेस, चित्राखाली मी लाल शाईने लिहिलं आहे, इंग्रजी करताना तेही उतरव.

शेवंतीच्या हरकतीचं विचारलंस. ते मी बघतो.

परशुराममामा


गोरेगाव, मुंबई
१२ जानेवारी २०२३

ती. परशुमामा,

उशिराबद्दल रागावू नका. तुमची यादी आली त्या दिवसापासून एक अख्खी भिंत तिला दिली आहे. त्रेसष्ट कागद, तुमच्याच क्रमाने. येणारा-जाणारा थांबून बघतो. आमचे चित्रकार कॉलेजांत शिकून आलेले आहेत, पण तुमच्या रेघेला हात लावायची कोणाची हिंमत होत नाही. तीन 'नको' तर सगळ्यांनी पाठ केले आहेत, आता चहा नको असला तरी तुमच्या खुणेने सांगतात.

बिंबा बदलली. रंग मनगटाचा घेतला. वर बसलेल्या लोकांपैकी एकाने विचारलं, इतकी सावळी मुलगी पोस्टरवर उठून दिसेल का. सर त्यांच्याशी अर्धा तास भांडले आणि जिंकले. पागेला दोरी आली. सारिकामॅडमही थोड्या निवळल्या आहेत.

आणि माझी नोकरी पक्की झाली. आईला अजून सांगितलेलं नाही, तुम्हाला आधी सांगते आहे. हे तुमच्यामुळे झालं.

मावशीला माझा नमस्कार सांगा. खरं तर कोणत्या खुणेने सांगायचा हे मला भिंतीवरून कळतं आता, पण तुम्हीच सांगा.

तुमची,
किशोरी


तांबळडेग,
५ मार्च २०२३

चि. किशोरी,

नोकरीचं वाचून समाधान झालं. विमलाला सांग, तिच्यापासून लपवू नकोस.

तुझ्या पत्रात एक्केचाळीसबद्दल एक अक्षर नाही. भिंतीवर त्रेसष्ट कागद आहेत म्हणतेस, म्हणजे तोही आहे. लाल शाईतलं इंग्रजीत उतरलं का? हो किंवा नाही एवढंच लिही.

इथली बातमी म्हणजे शेवंती. एका पोरीच्या पिक्चरमध्ये तुझ्यासारखे हात बोलणार आहेत, असं मी तिला सांगितलं. पहिल्यांदा तिला खोटं वाटलं. मग चित्रं पुन्हा मागून घेतली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि बंदरावर घेऊन गेली. मासळीच्या पाटीशेजारी ती चित्रं मांडून बसते. गिऱ्हाईक आलं की आधी चित्र दाखवायचं, मग बांगडा. बायका तिला ऐकू येत नाही हे माहीत असूनही मोठ्याने विचारतात, "काय गो शेवंत्या, आता आमका वळख देतलस मां?" तिला तोंडावरून कळतं आणि ती मान उडवते, म्हणजे बघू. त्रेपन्न वर्षांत कोणी तिला कशासाठी विचारलं नव्हतं.

तेव्हा काम नीट होऊ दे.

परशुराममामा


गोरेगाव, मुंबई
२ ऑक्टोबर २०२४

ती. परशुमामा,

दीड वर्ष पत्र नाही. तुमचे दोन फोन आले, ते मी उचलले नाहीत. काम फार होतं, असं लिहिणार होते, ते पुरेसं नाही हे मला कळतं.

पिक्चर पूर्ण झाला. नोव्हेंबरच्या मध्याला लागेल. मराठी आणि हिंदी दोन्हींत. सरांच्या मनात होतं की पहिल्याच आठवड्यात एक खेळ तुमच्या भागात व्हावा. जामसंड्याला एक सभागृह घेतलं आहे, शनिवारी १६ तारखेला, सकाळी अकराचा खेळ, जवळच्या शाळांची मुलं येतील, फुकट. तुम्ही आणि मावशी पहिल्या रांगेत. शेवटी नावं येतात त्यात तुमचं नाव आहे, 'खुणा: परशुराम कुबल, तांबळडेग'. अक्षरं लहान आहेत, पण एकट्याचीच ओळ आहे.

पिक्चर करताना कथा बदलत जाते. कागदावर जे ठरलं ते सगळं तसंच राहत नाही, काही गोष्टी माझ्या हातात नव्हत्या. बघताना एवढं मनात धरा.

मी येऊ शकणार नाही. त्या दिवशी पुण्यातही खेळ आहे.

किशोरी


तांबळडेग,
२० नोव्हेंबर २०२४

किशोरी,

जे झालं ते क्रमाने लिहितो.

शनिवारी साडेदहाला पोचलो. शेवंती अबोली रंगाचं नवं लुगडं नेसली होती, भिकाजी आणि त्याची बायको सोबत होती. सभागृहात दोनशेच्या आसपास मुलं. पिक्चर सुरू झाला. पहिली वीस मिनिटं मी एकही चूक काढू शकलो नाही. पागेची दोरी बरोबर होती. बिंबा उजेड बघून उभी राहत होती. तिने भावाला 'मासेमारी थांबवणारा पाऊस' सांगितला तेव्हा शेवंतीने माझ्या मांडीवर चापट मारली. पुढे प्रत्येक खुणेला मारली. इतकी खूश मी तिला अनिशच्या जन्मानंतर पाहिली नव्हती.

मग बिंबा होडीच्या नाळीवर, म्हणजे पुढच्या टोकावर चढली, उडी मारण्याआधी मागे वळली, आणि तिने डाव्या मुठीतून बोट सोडवून गालाला टेकवलं.

मला वाटलं माझी नजर चुकली. चुकली नव्हती. खाली अक्षरं आली, 'निघाले, भिऊ नका'. त्यानंतर ती खूण आणखी दहा वेळा आली. एकूण अकरा, मी मोजल्या. चौथ्या वेळेपासून मुलं बिंबाबरोबर करू लागली. शेवटी ती जहाजाच्या डोलकाठीवर उभी राहून सगळ्या समुद्राला ती खूण करते, आणि खाली किनाऱ्यावरचे सगळे तिला करतात. तेव्हा सभागृहातलं एकही मूल बसलेलं नव्हतं.

शेवंती उठली आणि मागे वळली. तेरा वर्षांत तिने ते नाव माझ्याशिवाय कोणाच्या हातावर पाहिलं नव्हतं. आता दोनशे मुलं तिच्या मुलाला हाक मारत होती. आपण कान झाकून घेतो, तिला तसं काही झाकता येत नाही. डोळे मिटले तर ती पुरती एकटी पडते. तिने डोळे मिटले नाहीत. ती दारांकडे बघू लागली. डावीकडच्या दाराकडे, मग उजवीकडच्या, मग पुन्हा डावीकडच्या. मला कळायला थोडा वेळ लागला. एवढी मुलं हाक मारतात, म्हणजे तो येत असला पाहिजे.

तेवढ्यात दिवे लागले. तुमचे संयोजक शाल घेऊन आले. त्यांना वाटलं ती आनंदाने उभी राहिली आहे. तिला शाल घातली आणि मायकवर मुलांना सांगितलं, शेवंतीमावशींना टाळ्या ऐकू येत नाहीत, तर आपण सगळे बिंबाची खूण करू. मुलांनी केली. मनापासून केली.

तिने माझ्याकडे पाहिलं. हात शालीत अडकले होते, हनुवटी वर करून विचारलं, कोणी सांगितलं? मी माझ्या छातीवर बोट ठेवलं.

मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी यापूर्वी एकदाच ऐकला होता, खाडीवर. भिकाजीने माझा दंड धरला. "परशा, तिका भायर व्हर," म्हणाला. "पोरां भियातत."

माझी ओळ शेवटी आली असेल. मी पाहिली नाही.

लाल शाईचं काय झालं? पत्रानेच कळव. फोन करू नकोस.

परशुराम कुबल


गोरेगाव, मुंबई
११ डिसेंबर २०२४

ती. मामा,

हे पत्र मी सात वेळा लिहून फाडलं.

लाल शाईतलं मी उतरवलं होतं. मुलाचं नाव आहे, वापरायचं नाही, असं इंग्रजीत स्वच्छ लिहून भिंतीवरच्या चित्राखाली, तुमच्या मराठी ओळीच्या जागी लावलं होतं. डिसेंबर २०२२ मध्ये सर एक दिवस भिंतीसमोर उभे होते. मुलांना घरी करून बघता येईल अशी बिंबाची एक स्वतःची खूण त्यांना हवी होती. त्यांनी एक्केचाळीसवर हात ठेवला. म्हणाले, ही. बाकी सगळ्या दोन चौकटींत आहेत, ही एकच चार चौकटींत, काढणाऱ्याने जीव ओतला आहे. मग मला विचारलं, हिचा अर्थ काय? खालची ओळ त्यांनी वाचली नव्हती. मला फक्त बोट दाखवायचं होतं.

मी म्हटलं, हाक मारायची खूण आहे, सर.

का म्हटलं ते मला अजून सांगता येत नाही. ते इतके खूश होते, आणि त्याच आठवड्यात माझ्या नोकरीचा कागद त्यांच्या सहीला जाणार होता. ते जेवायला गेल्यावर मी खालची ओळ काढून टाकली. जानेवारीतलं पत्र मी त्यानंतर लिहिलं. मार्चमध्ये तुम्ही हो किंवा नाही विचारलंत तेव्हा अजून वेळ होता. मग पोस्टर छापलं गेलं आणि वेळ राहिला नाही.

सरांना आता सगळं सांगितलं आहे. थिएटरमधला पिक्चर बदलता येत नाही म्हणाले. पण घरी बघण्यासाठी येईल तेव्हा सुरुवातीला 'अनिशच्या स्मरणार्थ' अशी पाटी घालू. ते स्वतः माफीचं पत्र देतील. माझ्याबद्दल ते जो निर्णय घेतील तो घेतील. मी तुमच्याकडे येते मामा, मावशीच्या पाया पडते.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं आहे. सारिकामॅडमनी कळवलं की त्यांच्या शाळेतली मुलं आता एकमेकांना भेटली की हीच खूण करतात. एक मुलगी बसमध्ये लोक बघतात म्हणून हात ओढणीखाली लपवून बोलायची. ती आता खिडकीत उभी राहून बोलते. बिंबा आपल्यातली आहे, म्हणते. हे लिहून मी सूट मागत नाही. पण न लिहिणंही लपवणंच झालं असतं, आणि ते मी पुष्कळ केलं.

किशोरी


तांबळडेग,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. किशोरी,

तू येऊ नकोस. पाया पडणं म्हणजे काय हे शेवंतीला कळेल, पण कशासाठी ते मला तिला सांगावं लागेल, आणि ती सध्या माझे हात बघत नाही.

पाटीही नको. तिला वाचता येत नाही. आलं असतं तरी अनिश हे नाव तिने कधी ऐकलेलं नाही, ते आपण आपल्या सोयीसाठी ठेवलं होतं. तुमच्या सरांना सांग, सावळ्या पोरीसाठी भांडलात ते योग्य केलंत. मी हे टोमणा म्हणून लिहीत नाही.

बसमधल्या मुलीचं दोनदा वाचलं. तिने हात लपवू नयेत. तिला कोणी काही सांगू नका.

इथलं सांगतो. शेवंतीने बंदरावर जाणं सोडलं आहे. पहिल्या आठवड्यात गेली होती. गावातली पोरं शाळेत जाताना तिच्यासमोर रांगेने थांबायची आणि ती खूण करायची. मी शाळेत जाऊन बाईंना सगळं सांगितलं, बाईंनी मुलांना सांगितलं. त्यातली एक पोर रडत माझ्याकडे आली. "आमी तिका नमस्कार करतव," म्हणाली, "आमका म्हायत नाय होता." आता मुलं खूण करत नाहीत. शेवंती दिसली की सगळी हात पाठीमागे धरून उभी राहतात. तेही तिला दिसतं. म्हणून ती बाहेर पडत नाही. तिन्हीसांजेला जी एक हाक मारायची तीही बंद आहे. मी पाळत ठेवून बघितलं आहे, नव्वद दिवसांत एकदाही नाही.

तू तुझं लिहिलंस, आता माझं ऐक.

तुझ्या सरांनी चार चौकटी बघितल्या, त्यांचं चुकलं नाही. त्या कोणीतरी बघाव्यात म्हणूनच मी काढल्या. बासष्ट खुणांना दोन चौकटी पुरल्या आणि या एकीला मी चार दिवस घेतले, तीन कागद फाडले. वापरू नका असं खाली लिहायचं आणि वर असं काढायचं की बघणाऱ्याचा पाय हलू नये. यादीतली जागा रिकामी ठेवता येत नाही, वगैरे मी तुला लिहिलं. तू ते मानलंस, मीही मानलं.

हरकतीचं तू दोन ओळींत विचारलं होतंस. मी तिला विचारलं नाही. नाक पसंत आहे का एवढंच विचारलं होतं. बोली दोघांनी केली आणि एकट्याने देऊन टाकली, कारण लिहिता मला येत होतं.

आणि यादी पूर्ण नव्हती. खुणा चौसष्ट आहेत. चौसष्टावी माझं नाव. लहानपणी माझं नाक सतत वाहायचं, म्हणून शेवंती मला बोलावताना मनगट नाकाखालून ओढायची. पन्नास वर्षं मी तिच्या हातावर शेंबडा आहे. भिकाजीचं पोट मी तुमच्या भिंतीवर टांगलं, तिच्या मेलेल्या मुलाचं नाव टांगलं, आणि हे मात्र ठेवून घेतलं. कॉलेजांत शिकलेली माणसं ती भिंत बघणार होती.

त्या शनिवारपासून तिने मला त्या नावाने बोलावलेलं नाही. जेवण तयार झालं की ताट माझ्यासमोर ठेवते आणि टाच जमिनीवर आपटते. बंदरावर अनोळखी गिऱ्हाइकाचं लक्ष वेधायला ती अशी टाच आपटायची. मी जेवतो.

काल दुपारी मी तिच्यासमोर जाऊन बसलो, तिच्या तोंडावर नव्हे तर माझ्या तोंडावर उजेड पडेल असा. तिने नजर उचलली तेव्हा मी माझं मनगट नाकाखालून ओढलं. आयुष्यात पहिल्यांदा मी ते स्वतः केलं. पुन्हा केलं. तिने दोन्ही वेळा नीट पाहिलं, एखाद्या माणसाला नाक पुसताना आपण बघतो तसं. मग उठली आणि भांडी घेऊन विहिरीवर गेली.

परशुराम